पाच गुणांची टीप

टीप लिहा : फ्रेंच दरबारी चित्रकार.
गुण पाच.
उथळसरच्या शाळेत, गरम हवा ढवळणाऱ्या पंख्याखाली
उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, लाल पेन आणि मी.
मुलं पाठ केलेलं उतरवतात :
राजाने बोलावलं. महालात खोली दिली.
पुढे अकादमीचा संचालक नेमलं.
गुलाबी रंग फार वापरला.
मग लोकांची आवड बदलली आणि तो मागे पडला.
तीन गुण. फार तर साडेतीन.

आम्हाला हे टिपणीस सरांनी शिकवलं
तेव्हा खाली पिठाची गिरणी चालू असायची,
फळ्यावर खडूपेक्षा पीठच जास्त.
'व्हर्साय' म्हणताना त्यांची कवळी वाजायची.
'राजा बसत नाही गं,' सर म्हणाले,
'तो उभ्या उभ्या तोंड देऊन जातो.
मखमल, पाय, हात
आपलं आपण जमवायचं.'

सरांनी ठाण्याचे अकरा नगराध्यक्ष रंगवले.
कोट हँगरवर यायचा, धोब्याच्या चिठ्ठीसकट.
बिल जकातीच्या टेबलावर सात-सात महिने.
महाल म्हणजे गिरणीवरच्या दोन खोल्या,
अकादमीची पाटी त्यांनीच रंगवलेली :
संचालक, वि. ग. टिपणीस.
झाडू मारणारे आणि पाणी भरणारेही तेच,
पण ते पाटीवर मावलं नाही.

मुंबईचे मित्र परदेश करून आले
आणि त्यांना दरबारी म्हणू लागले.
'दरबारी?' सर हसायचे,
'तो रात्रीचा राग. दिवसा कोण गातं?'
आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये आपटत राहायचे,
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

भांगाच्या दिवसांत होडी किनाऱ्याला असे,
तेव्हा चेंदणीहून बुधाजी नाखवा यायचा.
खुर्चीच्या हातावर हात ठेवून विचारायचा,
'आज मी कोन हाय, मास्तर?'
सर नाव सांगायचे. तो पाठ ताठ करायचा,
खरं तर पाठ चित्रात येणारच नव्हती.
अकरा नगराध्यक्ष, बावीस हात,
नव्हे, वीस.
एकाने दोन्ही खिशात घातले होते.

दोरीने चिरलेल्या रेघा सर गुलाबीने बुजवत.
(त्या गुलाबीला पुढे सगळे पावडर म्हणाले.)
उजव्या अंगठ्यावरचा वण तेवढा सोडत.
का, ते मी विचारलं नाही.
तेव्हा मला फक्त पास व्हायचं होतं.

एकदा बुधाजी अर्ज घेऊन नगरपालिकेत गेला,
मासळीबाजारातल्या ओट्यासाठी.
तीन तास उभा. वर भिंतीवर
सोनेरी चौकटी, चौकटींत खुर्च्या,
खुर्च्यांवर तो.
संध्याकाळी गिरणीचा जिना चढून आला,
स्टुलावर बसला, म्हणाला,
'मास्तर, माजाच हात व्हता वर.
अर्ज मातुर परत दिला.'
सर काहीच बोलले नाहीत.
त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः केला,
साखर दोनदा घातली.

त्यानंतर त्यांनी आणखी दोघांना रंगवलं.
हेही सांगायला हवं.
हात त्याचेच. मजुरी रुपयाने वाढवून.

नवी इमारत झाली तशी चित्रं उतरली.
भाचीच्या जन्मदाखल्याला गेले होते, तेव्हा दिसली,
जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून.
एकच उलटवण्याइतका वेळ मिळाला.
नेमका खिशातले हात निघाला.
मग नंबर पुकारला.

अजून बावन्न पेपर राहिलेत.
या एकाने टीप लिहिलेलीच नाही.
जागा कोरी, समासात पेन्सिलने एक हात,
बोटं बरी, अंगठा फसलेला,
भलत्याच सांध्यातून उगवलेला.
नियमाने शून्य.
खिडकीबाहेर रिक्षांची रांग घंटाळीपर्यंत.

मी लाल पेनाने आधी त्याचा अंगठा
नीट करून घेते.
सांध्याशी बारीक तिरपी रेघ.
गुणांच्या चौकटीचं
चहा झाल्यावर बघू.