दोन काठ्या

चेंडू करवीच्या बुडाशी,
दोन मुळ्यांनी चिमटीत धरल्यागत.
निकमबाई वाकून बघतात, मग माझ्याकडं.
मी धुक्याकडं बघतो.
एवढं एक मला ठरवता येत नाही, बाई.

बाकी सगळं सांगेन.
सांगेन की इथं खेकड्यानं बीळ केलं असतं
तर फुकट सुटका होती, एक काठी बाजूला, दंड नाही.
पण रात्री गवा येऊन गेला, त्याच्या खुराचा खड्डा असला
तर ज्याचं त्यानं निस्तरायचं.
नियम लिहिणाऱ्यानं गवा पाहिला नसणार.
सांगेन की पांढऱ्या खुंट्यांपलीकडं पार्टेंची स्ट्रॉबेरी,
तिथं गेलेला मेला. मागं जाऊन पुन्हा मारायचा, वर एक फटका.
तांबड्या खुंट्यांच्या ओढ्याचं गणित निराळं.
हरवला तर शोधायला तीन मिनिटं.
आधी पाच होती.

पण हा दिसतोय, हाताला लागतोय,
आणि हा खेळता येत नाही
हे म्हणायचं ज्याचा चेंडू त्यानं.
कॅडीनं नाही, क्लबाच्या सेक्रेटरीनंसुद्धा नाही.

साहेब असते तर म्हणालेच नसते.
चौदा वर्षं मी त्यांची पिशवी वाहिली.
याच करवीत एकदा सात फटके मारले,
पाला उडाला, जांभ्याच्या कपच्या उडाल्या, काठीची मान वाकली,
चेंडू होता तिथंच.
"निघतोय बघ, ढेबे."
वाईच्या दवाखान्यात, नाकात नळी,
तेव्हाही मला हेच म्हणाले.

पिशवी तीच. काठ्याही त्यांच्याच,
बाईंना दोन दोन बोटं लांब.
एकसष्टाव्या वर्षी शिकायला आल्या.
साताऱ्यात हेडबाई होत्या,
पहिल्या दिवशी पाचगणीचा घाट चढून वही घेऊन आल्या,
रेघा मारलेली, तारीख घातलेली.

"तीन वाटा परत सांग."
तिन्हीला दंड एकच, बाई, एक फटका.
पहिली, जिथनं मारला तिथं परत.
दुसरी, झेंडा आणि हा चेंडू एका रेघेत धरून मागं,
पाहिजे तेवढं मागं, धोमचं पाणी दिसायला लागलं तरी चालेल,
फक्त कुंपणाच्या आत.
तिसरी, दोन काठ्या बाजूला. होलच्या जवळ नाही.

"पहिलीत काय मिळतं?"

जागा मिळते.
मारलेला फटका नाही मिळत.

त्या गप्प. सिल्व्हर ओकवरनं थेंब पडतात,
एक माझ्या मानेवर.
मग त्या करवीलाच सांगावं तसं म्हणतात,
"हा नाही खेळता येत."
ऐकायला मी, आणि लांब कुठंतरी टिटवी.

माप सगळ्यांत लांब काठीनं घ्यायचं, पटर सोडून.
पिशवीतनं साहेबांचा ड्रायव्हर काढतो,
गवतावर आडवा ठेवतो.
टोकाला खूण. परत आडवा ठेवतो.
बाईंच्या उंचीची काठी असती
तर चार बोटं उणी पडली असती,
आणि नेमका तिथंच खडक.
त्याही बघतात ती चार बोटं.
ड्रायव्हर पुसून ठेवायला सांगतात, ओला झालाय म्हणून.

पूर्वी खांद्याच्या उंचीवरनं सोडायचा,
आता गुडघ्याच्या.
गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकतात.
मूठ उघडतात.
चेंडू पडतो, गवतात जरा कुस बदलतो, थांबतो.
खुणेच्या आत.

झेंडा दिसत नाही. मी बोटानं तिसरं झाड दाखवतो.
"आता चौथा ना?"
पाचवा, बाई. दंडाचा धरून.
"हो की," म्हणतात,
आणि लोखंडी सात नंबर हातात घेऊन
मूठ
दोन बोटं खाली धरतात.