वानगी

दारावर ‘ओ.टी.’ लिहिलंय, म्हणून
दिवसातून एकदा तरी कुणीतरी धापा टाकत आत येतं
आणि मला बघून थबकतं.
टेबलावर चिमटे, बटणं, वाटीभर राजमा,
खुंटीला एक जुना सदरा.
“ऑपरेशनचं वर, तिसऱ्या मजल्यावर,” मी सांगते.
“मग इथं काय करतात?”
पंधरा वर्षं झाली,
एका वाक्यातलं उत्तर अजून जमलेलं नाही.

वर डॉक्टर नाडी बघतात.
मी इथे तळघरात, एक्स-रेच्या शेजारी,
नाडी बांधायला शिकवते.
एका हाताने, एक टोक दातांत धरून,
पायजमा घसरायच्या आत.
अतिदक्षता विभागात न रडलेली माणसं
इथे येऊन रडतात,
त्या गाठीपाशी.

गेनबा ढमढेरे, वय एकसष्ट.
मार्केट यार्डात हमाल, चौतीस वर्षं.
डावी बाजू गेलेली.
मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला,
“फिजिओ झालं की न्यायला येतो,
तोवर खेळवा त्यांना.”

फॉर्मवर एक रकाना असतो :
रुग्णाला पुन्हा काय करायचं आहे?
लोक चालायचं म्हणतात, जेवायचं म्हणतात,
एक बाई म्हणाली होती, नवऱ्याला एक थोबाडीत द्यायचीय.
गेनबा म्हणाले,
“काय न्हाई. ह्यो हात माझाच हाय का,
तेवढं सांगा.”
रकाना दीड इंचाचा होता. मी ‘जेवण’ लिहिलं.

घमेलंभर तांदूळ, त्यात लपवलेली
किल्ली, बाटलीचं बूच, पाचाचं नाणं.
डोळ्यांवर त्यांचाच पंचा.
“हाताला काय लागतंय?”
“काय न्हाई.”
मनगट धरून मी तो हात फिरवायचे,
परक्याच्या पातेल्यात डाव फिरवावा तसा.
चांगुणाबाई कोपऱ्यात बसून वाती वळायच्या,
दोन्ही हातांनी, न बघता, झरझर.
मला तेव्हा त्यांचा रागच यायचा.
पाच आठवडे. काय न्हाई. काय न्हाई.
मी वहीत तारखा टाकत होते फक्त.

मग एक गुरुवार. गुरुवारी आमच्या पेठेतली वीज जाते,
आणि जनरेटरला तळघर आठवत नाही.
मी मोबाइलचा टॉर्च शोधत होते.
अंधारात गेनबा म्हणाले,
“म्याडम, ह्यो तांदूळ कुनी दिला तुमाला?”
“स्टोअरने. कोलम आहे.”
“कोलम? हॅ. तुकडा हाय. रेशनचा.
खडं बी हायत.”

टॉर्च लागला.
डावा हात घमेल्यात, मी न धरलेला.
अंगठा दोन बोटांवर हळूहळू घासत होता,
गंजलेलं बिजागर हलावं तसा.
पोतं पाठीवर घेण्याआधी
आकड्याच्या भोकातून सांडलेले चार दाणे
डाव्या तळव्यावर घ्यायचे, चोळायचे,
मनातल्या मनात भाव करायचा,
कुणी विचारत नसताना.
चौतीस वर्षांची खोड.
उजव्या हातात आकडा, डाव्यात वानगी.

चांगुणाबाईंची वात अर्धीच राहिली.

नाणं मात्र त्या दिवशीही सापडलं नाही.
नाडी अजून त्याच बांधतात.
अहवालात मी लिहिलं : ‘संवेदना, किंचित सुधारणा.’
स्टोअरवाल्याला बिल दाखवलं. कोलम, दहा किलो,
खाली सही माझी.
तो म्हणाला, “मॅडम, कुणाला खायचाय तो?”

पुढच्या सोमवारी मी घरून
डब्यात आंबेमोहोर नेला, घमेल्यात ओतला.
परीक्षा म्हणावं तर ही फसवणूक,
त्याचा वास येतो.
लाच म्हणावं, तर कुणाला देत होते कोण जाणे.

गेनबांनी हात घातला.
मी विचारलं नाही काय लागतंय.
त्यांनीही सांगितलं नाही.
बाहेर पुढचा पेशंट ताटकळला होता,
आणि ते हात काढायलाच तयार नव्हते.