दुसरा घास

अदिस अबाबा. पियासाच्या चढावरचं तळघर.
शुक्रवार, उपासाचा दिवस,
म्हणून ताटात मसूर, बीट, शिरो,
आणि सगळ्यांच्या खाली इंजेरा,
आंबोळीची लांबची बहीण, आंबूस, जाळीदार.
मी चमचा मागितला. त्सेहायनेश नुसती हसली.

मंचावर अस्नाके सॅक्सोफोन पुसत होता.
बेसवाला तेफेरा त्याच्याकडे पाठ करून
तारा जुळवत होता, लागतो त्याहून जास्त वेळ.
पैशाचं काहीतरी. किंवा घराचं.
तीन महिने झाले म्हणे, दोघांत शब्द नाही.

पहिली रचना तशीच गेली,
मोजूनमापून, उसनवारी फेडल्यासारखी.
मी बोटं चाटत होतो.
बेरबेरेचं तिखट कानाच्या पाळीपर्यंत पोचलेलं.

दुसरीत मात्र, अगदी मधेच,
अस्नाकेनं ओठ बाजूला घेतले.
चार मात्रा रिकाम्या.
ड्रमवाल्याची काठी हवेतच राहिली.
तेफेरा घुटमळला,
मग शिरला त्या फटीत,
जाड, खालच्या सुरात, दोनदा चुकत,
बऱ्याच दिवसांनी दार ढकलावं तसा.
कुणीतरी टेबलावर थाप मारली. मीच असेन.

मध्यरात्री,
इथल्या घड्याळात रात्रीचे सहा,
उपास सुटला.
त्सेहायनेशनं कोंबडीचा रस्सा ओतला, मधोमध एक अंडं.
तेफेरानं तुकडा फाडला, बुडवला,
अस्नाकेच्या तोंडात कोंबला, बोटांसकट.
"एका घासानं भांडण होतं," ती ओरडली, "दुसरा दे!"

दुसरा मोठा होता. रस्सा मनगटावरून ओघळला.
अस्नाके काहीतरी बोलायला गेला,
पण तोंड भरलेलं.

अंडं कुणी खाल्लं, ते दिसलं नाही.