अंगठा

एकतीस वर्षं मी मोंढ्यात काटे तपासले.
लातूर, औसा, मुरूड, कधी रेणापूरचा आठवडी बाजार.
बिडाची वजनं, पितळी मापं,
आणि माझ्या हातोडीखाली उमटणारा त्या सालाचा शिक्का.
खोटं तोलणारा पकडायचा
तर काट्याकडं बघून भागत नाही,
हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.
बघायचं पारड्याखाली:
अंगठा कुठंय?

डॉक्टर नुसरत माझ्या लेकीच्या वयाच्या.
कागद माझ्याकडं फिरवून म्हणाल्या,
अप्पा, उपाशीपोटी साखर सत्त्याण्णव.
मी म्हणालो, मग झालं की. काटा सरळ आहे.
खालची ओळ वाचा, त्या म्हणाल्या.
खालच्या ओळीत इन्सुलिन होतं,
असावं त्याच्या तिप्पट.

साखर जागेवर होती,
कारण कुणीतरी खालून दाबून धरलं होतं.

मला बरं वाटलं.
म्हणजे वाईट वाटायच्या आधी, क्षणभर,
जुनी ओळख निघाल्यासारखं.

पेशी ऐकेनाशा होतात, मग शरीर आणखी ओरडतं.
आडतीवर सौदा पुकारतात तसं?
तसंच. पण तो पुकारा
भलतंच कुणीतरी ऐकतं, अप्पा.
ज्याला फक्त वाढायचंय.
नक्की?
नक्की नाही. काही अभ्यास हो म्हणतात, काही मान हलवत नाहीत.
मग त्यांनी दुसरा कागद काढला, पीएसए,
आणि प्रोस्टेट हा शब्द सरळ उच्चारला.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.
आकडा हद्दीत होता, काठावर.
पण तुमच्या अंगाच्या माणसात हाही आकडा पातळ दिसू शकतो,
दुधात पाणी पडल्यासारखा.

अहमदपूरचा शिवलिंग, माझा चुलतभाऊ,
कमरेत चमक भरली म्हणत म्हणत गेला.
आम्ही सगळे शेवटपर्यंत
कमरच म्हणत राहिलो.

रात्री चारदा उठलो.
महानंदा जागीच असते. मोजते. बोलत नाही.

पैसा मी कधी घेतला नाही, मोंढ्यात कुणालाही विचारा.
चहा घेतला.
दुकानागणिक एक, गुळाच्या आडतीवर वर भेलीचा खडा,
नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून.
दिवसाला चौदा.
पोट सुटलं तर महानंदाला म्हणायचो, सरकारी आहे.
आता पहाटे पडल्या पडल्या हिशेब लागतो:
त्या चौदा कपांत
किती काट्यांचा पासंग मला दिसला नाही?

आजार ही शिक्षा नसते,
असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी विचारलंही नव्हतं.

मंगळवारी पुन्हा रक्त. गंजगोलाईच्या मागं,
दुसऱ्या मजल्यावरची लॅब, स्पिरिटचा वास.
आफरीन दंडाला रबर बांधायला लागली.
म्हटलं, थांब बाई.
तुझ्या या मशीनची तपासणी कधी झाली?
ती हसली नाही. उठली,
मशीन थोडी तिरकी केली,
पाठीमागचा चिकटवलेला कागद दाखवला.
चष्मा पुसून मी तारीख वाचली,
सही वाचली, पुन्हा तारीख वाचली.

मुदतीत होती.

बाही मी स्वतःच वर सारली.