चवीपुरतं

घरासमोरच शाळा होती.
इतकी समोर, की आमच्या खिडकीतून
तिथला फळा दिसायचा
आणि मधल्या सुट्टीची घंटा आईच्या कढईपर्यंत यायची.
आम्ही त्या शाळेत नव्हतो.

आम्ही चर्चच्या भिंतीला टेकून
आठच्या बसची वाट बघायचो,
मी, जसमेर, तिची शेंबडी धाकटी निंदी,
नैरोबीहून आलेले दोघे भाऊ.
साउथॉलचं धुकं, हातमोज्याला भोक.
कुणीतरी कुठेतरी हिशेब मांडला होता
की एका शाळेत आमच्यासारखे
तीनात एक, त्याहून जास्त नकोत.
चवीपुरतं मीठ टाकतात तसं
चिमटी चिमटीने आम्हाला
लांबच्या शाळांत टाकत होते.
विरघळा म्हणाले.

गोऱ्या मुलांसाठी बस कधी आली नाही.

मिसेस प्रॉथेरो तशा चांगल्या.
हजेरी घेताना माझ्या नावापाशी
ठेच लागल्यासारख्या थांबायच्या, मग हसायच्या.
बस सव्वातीनला सुटायची.
नेटबॉल साडेतीनला, गाण्याचा सराव साडेतीनला,
जिलियनचा वाढदिवस बुधवारी चारला.
साडेतीननंतर शाळेत काय असतं
ते मला अजून माहीत नाही.

बाबा रबराच्या कारखान्यातून रात्रपाळी करून
तसेच थेट कचेरीत गेले एकदा.
काय बोलणं झालं, सांगितलं नाही.
घरी येऊन त्या खिडकीला
जाडसा पडदा लावला फक्त.

मग बस बंद झाली. बरीच वर्षं झाली त्याला.
आता त्याच शाळेच्या समितीवर मी बसते,
चहा मिळतो, बिस्किटं मिळतात.
गोरी मुलं आता मोजून चार,
ती कधी गेली, कुठल्या बसने, कुणी मोजलं नाही.
परवा कागद आला, वर्गातून काढलेल्यांची यादी.
सात नावं. सहा काळ्या मुलांची.
'शिस्तीचा प्रश्न आहे,' मुख्याध्यापक म्हणाले.
'त्यांच्यात तसंच असतं,' आमच्यातलंच कुणीतरी पुटपुटलं,
पंजाबीत, म्हणजे मला कळेल असं.
मी बिस्किट चहात बुडवलं.
ते तुटून आत पडलं.
ठराव झाला.

बाहेर अकरा वाजलेले.
चर्चच्या भिंतीला टेकून
एक मुलगा उभा, गणवेशात, टाय व्यवस्थित.
बस चुकली का रे? मी विचारलं.
त्याने माझ्याकडे नीट बघितलं.
बस कसली?
मी समोरच्याच शाळेतला आहे.