जोड्यांपाशी

हिरोसाकीच्या थिएटरात मी जोडे सांभाळायचो.
खडावा घ्यायच्या, लाकडी बिल्ला द्यायचा,
खेळ रंगला की दाराचा पडदा बोटभर सारायचा.

समोर ती : सागिरी रान्को.
डावीकडे, मिणमिणत्या दिव्याखाली, कागेत्सु मास्तर,
तिचा बोलविता धनी. थोडी घेतलेला.
ती ओठ हलवी, तो बोले.
ती रडे, तो हुंदका देई,
कधी कधी तिच्या आधीच.
एकदा रीळ तुटलं, पडदा पांढराफटक,
तरी हा आपला तिच्या वतीने निरोप घेतोच आहे
आणि बायका बाह्यांनी डोळे टिपताहेत.

लोक म्हणत, काय आवाज आहे हो रान्कोचा!

दाराशी मास्तरचं बोलणं पोचायचं नाही.
माझी आई बहिरी; ओठ वाचायला
मी चालण्याआधी शिकलो.
म्हणून मला दिसायचं :
ही तर आमच्याकडचं बोलतेय, त्सुगारूचं,
जाडंभरडं, अर्धं गिळलेलं.
सरदाराच्या मिठीत : 'घोडी व्याली का?'
तलवारीसमोर : 'छपरावरचा बर्फ ओढा कुणीतरी.'
आणि मरताना, प्रत्येक चित्रपटात मरताना,
'आई, पाय गार पडलेत.'

मी कुणाला सांगितलं नाही.
जोडेवाल्या पोराचं कोण ऐकतं?

मग बोलपट आले.
क्योतोत तिला म्हणे एकच वाक्य दिलं,
यंत्रापाशी बसलेला माणूस फस्सकन हसला.
त्याच वर्षी मास्तरचाही दिवा गेला;
सायकलला चित्रांची पेटी बांधून
तो पोरांना राक्षसांच्या गोष्टी सांगत हिंडला.

ती परतली. पुन्हा किसे झाली.
जूनमध्ये सफरचंदं अक्रोडाएवढी होतात,
एकेका फळाला कागदी पिशवी घालावी लागते.
जुन्या मासिकांच्या पिशव्या, भाताची खळ.
शिडीवर ती, खाली पिशव्या पुरवायला मी.
एका पिशवीवर तिचाच अर्धा चेहरा आला,
कोरलेली भुवई, एक डोळा.
मी थांबलो. धीर करून विचारलं,
'मरताना तुम्ही पाय गार पडल्याचं सांगायचात ना?'

तिने वरून पाहिलं. बराच वेळ.
'कुठे बसायचास तू?'
ओल्या लाकडात करवत अडकावी तसा आवाज.
'जोड्यांपाशी.'
'मग बरोबर,' म्हणाली,
आणि हात पुढे केला, पिशवीसाठी.