दारावरचा आकडा

रंग उडाला म्हणतात,
पण उडून जाणार कुठे?
इथेच असतो, वरच्या वर मरून पडलेला.
बोट फिरवलं की खडूसारखा बोटाला लागतो.

बाकीझियोची अल्फा अकरा उन्हाळे
बोसाच्या नदीकाठी अंजिराखाली उभी होती,
माएस्त्राले सुटला की समुद्राचं मीठ झेलत.
माझ्याकडे आणली तेव्हा बॉनेट फिकट गुलाबी,
आजाऱ्याच्या हिरड्यांसारखं,
आणि डिकीवर चिकाचे डाग.

नवा रंगच मार ना, बोनारिया,
गॅरेजवरून जाणारा प्रत्येक जण सांगून गेला.
मी कुणालाच उत्तर दिलं नाही.
चौऱ्याहत्तर सालचा रंग हा,
वरून काचेसारखा थर नाही,
वरपासून तळापर्यंत लालच लाल.
मेलेलं तेवढं काढायचं आणि थांबायचं.
कुठे थांबायचं ते वडिलांनी मला एकदाच शिकवलं,
एका फियाटच्या कडेला राखाडी प्रायमर दिसल्यावर,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

धुतली. मातीच्या वडीने, पाणी मारत,
पत्र्यात रुतलेलं मीठ उचललं.
कडांना पट्ट्या चिकटवल्या.
मग मशीन, लोकरीची गादी, सगळ्यात हळू वेग,
हातभर जागा, पुसणं, पुन्हा तीच जागा.
फडकी लाल होत गेली.
दोरीवर वाळत घातली तर शेजारीण विचारते,
काय कापलंस?

बाकीझियो रोज अकराला यायचा,
उंबऱ्यावर कॉफी प्यायचा आणि तीच गोष्ट सांगायचा.
सत्याहत्तर सालची घाटाची शर्यत,
ही गाडी, सतरा नंबर,
दुसरा आलो, कारण पहिला आला तो बिशपचा भाचा.
बारमध्ये ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.
बिशपच्या भाच्यापाशी आले
की सगळे मिळूनच म्हणतात.

चौथ्या दिवशी डावं दार घेतलं.
संध्याकाळी दिवा तिरपा धरला, ओरखडे बघायला,
तर लालात लाल एक गोल,
आणि गोलात आकडा.
कधीकाळी स्टिकर होता तिथे.
त्याच्याखाली ऊन पोचलं नाही,
रंग जरासा जाड राहिला, केसभर.

सकाळी त्याला हाक मारली.
मला वाटलं, आता हा रडेल.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला, वाकला,
पुन्हा डोळ्यांवर आणला.
एकतीस.
बराच वेळ काहीच बोलला नाही.
कपातली कॉफी थंड झाली,
वर साय धरली.
मग म्हणाला, ही मी एकोणऐंशीत घेतली, साल्वातोरेकडून.
आणि मग, दाराकडेच बघत:
जाईल ना ते?

गेलं असतं.
मीटर लावून पाहिला होता मी, रंग पुरेसा होता,
दोन हात फिरले असते की आकडा
फडक्यावर.

जाईल, म्हणाले.
तो बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसला.
मी मशीन सुरू केलं, आवाज बाहेर जाईल इतपत,
आणि गादी धरली शेजारच्या फेंडरवर,
जिथलं काम कालच संपलं होतं.
का, ते विचारू नका.
मीटरने मोजता येत नाही अशा कारणांसाठी
माझ्याकडे नावं नाहीत.

मेण लावलं. सरळ उजेडात दार स्वच्छ.
त्याने पैसे मोजले, वीस युरो कमी दिले,
गेल्या वर्षीच्या बॅटरीचे म्हणाला.
गेल्या वर्षी मी त्याला बॅटरी विकलीच नव्हती.

सातच्या सुमाराला टप उघडून तो निघाला.
कोपर दारावर, मान ताठ,
बोसात एवढं लाल त्या वेळी दुसरं काहीच नव्हतं.
पुलावर ऊन आडवं येतं, नदीच्या पाण्यावरून, सरळ दारावर.
कठड्याशी मासे धरणारा एक पोरगा
गळ तसाच सोडून ओरडला,
एकतीस!

बाकीझियोने हात वर केला,
शर्यतीतले करतात तसा.